किती ब्रास

गावाचं नाव बिअर.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
"त्यांना नेऊ नकोस असल्या ठिकाणी."
दादा हसले नाहीत. कानातलं मशीन दाबून बसवत
उतारावरून चालत राहिले,
रस्त्याकडेच्या पाटात वाहणारं पाणी बघत.
"कुणाच्या रानात जातंय हे?"
समुद्रात, म्हटलं.
"वाया," म्हणाले.

मग वळणावर ते एकदम समोर आलं:
पांढरा कडा, सरळ तासलेला,
आणि त्याच्या पायाशी नुसते गोटे. वाळूचा कण नाही.
करडे, तपकिरी, काही उकडलेल्या अंड्यासारखे,
त्यांच्यावर ओढून ठेवलेल्या होड्या
दोरखंडांना बांधलेल्या, गोठ्यातल्यासारख्या.
मी दादांच्या तोंडाकडे बघत होते.
इथं माणसं थबकतात, फोटो काढतात.
दादांनी डोळे बारीक केले,
दहा-बारा पावलं लांबी मोजली,
छत्रीचं टोक खुपसून खोली पाहिली
आणि विचारलं,
"किती ब्रास असेल?"

एकतीस वर्षं वावीच्या खडी क्रशरवर
ट्रक भरला की पावती फाडायची.
अर्धा इंच, पाऊण इंच, कच, डबर.
कोपरा नसेल तर सिमेंट धरत नाही,
हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं.
"बांधकामाला चालायचं नाही हे,"
एक गोटा तळव्यावर घेऊन ते म्हणाले
आणि खाली ठेवेनात.
अंगठा फिरवत राहिले त्याच्यावरून,
कुठंतरी एखादा कोपरा उरला असेल म्हणून.
"कुणी केलं एवढं गुळगुळीत?"
पाण्यानं.
"रोजावर?"
मी हसले. ते खरंच विचारत होते.

फलकावर दोन ओळी होत्या.
गोटे नेऊ नयेत. कड्याखाली थांबू नये.
दुसरी वाचून होण्याआधीच
त्यांनी मला मनगटाला धरून मागं ओढलं होतं.
"ती भेग बघ. पाणी मुरलंय आत.
दोन पावसाळे. फार तर तीन."

शहाण्णव साली, जेवणाच्या सुट्टीत,
सुरुंग नाही, शिट्टी नाही,
एक दरड अशीच आली खाली.
सावलीला बसली होती पारूबाई धोत्रे.
हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं.
आइस्क्रीम खाणाऱ्या माणसांच्या मधोमध
दादांनी सांगितलं, मोठ्या आवाजात,
कमी ऐकू येणारी माणसं सांगतात तसं.
"मस्टरवर तिचा त्या दिवशीचा अर्धा रोज लागला.
मीच लावला."

कड्याचा एक ढेकूळ पायाशी आला होता.
उचलून चपट्या गोट्यावर ओढला. उमटला.
"खडू आहे की गं!
अख्खा डोंगर खडूचा!"
मग माझ्याकडे पाठ करून
उकिडवे बसले आणि काहीतरी लिहीत राहिले.
फार वेळ. एका नावाला लागतो त्याहून जास्त.
मी गेले नाही बघायला.

लाट येताना फारसं काही वाजत नव्हतं.
परतताना ती सगळे गोटे ओढून नेई,
खळाखळा, आख्ख्या किनाऱ्याभर.
दादांनी मशीन काढून खिशात ठेवलं,
चपला काढल्या, गोट्यांवर तळवे टेकले.
"येतंय ऐकू," म्हणाले. "सहाला काम सुटल्यावर
पट्टा रिकामा फिरायचा ना, तसं."

गाडीपर्यंत चढ चढून गेलो.
पट्टा लावताना त्यांची मूठ उघडेना.
तो पहिला गोटा. घामानं ओला.
"अरेच्चा," म्हणाले. "आणि पावती?"

राहू द्या, कोण बघतंय, म्हटलं मी.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी गाडी बंद केली.

पुन्हा सगळा उतार. गुडघा धरून, थांबत.
कुठून उचलला होता, तिथंच ठेवायचा
म्हणून आम्ही दोघं
त्या हजारो ब्रासमध्ये
जागा शोधत फिरलो.
पाणी वर आलं होतं.
लिहिलेला गोटा मला कुठं दिसला नाही.
त्यांनी विचारलंही नाही.