उलार

वाडीच्या पुढे, अमरावती रोडला, माझा काटा आहे,
साठ टनांचा.
कोळसा, सळया, ढेप, गिट्टी,
सारं येतं, उभं राहतं, आकडा होऊन निघून जातं.
घर मात्र कधी आलं नव्हतं.

ते आलं मे महिन्यात, सकाळी साडेआठला.
पत्रा तेव्हाच चटके देत होता.
जुन्या डिझेल गाडीमागे दोन चाकांवर पांढरं घर,
खिडकीला फुलाफुलांचा पडदा,
पाठीला कूलर, वाळ्याच्या ताट्यांसकट.
उतरले डाखोळे, आयुध निर्माणीतून रिटायर,
मागोमाग यमुताई, पदराने मान पुसत.
"हिंगण्याच्या कलीमनं बनवून देल्लं, नऊशे किलो, पक्कं.
गाडी बाराशे ओढते, दाराच्या पट्टीवरच लिवलं हाय.
तरी म्हटलं, एकदा पाहून घ्यावं."

म्हटलं, गाडी सोडवा. घर एकटं चढवा.

तेराशे चाळीस.

डाखोळ्यांनी चष्मा पुसला. आकडा तोच.
"काटा बिघडला काय जी?"
मी काही बोलले नाही. लोक मला रोज हेच विचारतात.
कलीमने रिकामा सांगाडा मोजला असेल,
प्लायवूड यायच्या आधी, पलंगाच्या आधी,
ऐंशी लिटरची टाकी भरायच्या आधी.
पाणी दिसायला हलकं. लिटरला किलो, एवढंच त्याचं म्हणणं.

शेजारच्या कबाडीचा छोटा काटा मागवला,
घराच्या नाकाखाली, हुकाशी ठेवला.
चाळीस.
शंभराला दहा तरी नाकावर हवेत.
मग आठवला बाप,
सावनेरच्या जिनिंगला कापसाची बंडी हाकणारा.
मागे जास्त भरलं की बंडी उलार,
जू मानेवरून उठतं, जोतं गळ्याला आवळतं.
पुढे भरलं की धुरजड, मान सोलून निघते.
"उतारावर हे शेपूट हलवेल," मी म्हटलं,
"आणि शेपूटच कुत्र्याला हलवेल."
"मागे काय आहे एवढं?"

दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते.

ओटा होता. ग्रॅनाइटचा. काळा, लाल ठिपक्यांचा.
"चौतीस वर्षं," डाखोळे म्हणाले,
पण मला नाही, काट्याच्या लोखंडाला म्हणाले,
"क्वार्टरातल्या बुटक्या ओट्यावर वाकून राह्यली ती.
हा तिच्या उंचीचा बनवला. मोजून."
"काढा," यमुताई म्हणाल्या.
"पाणी काढू. कूलर काढू."
"नागपूरचा माणूस अन् कूलर काढते!
ओटा काढा. थालीपीठ काय, ताटावरबी थापता येते."
"यमे—"
"मले फिराचं हाय. उभं राहाचं नाही."

स्क्रू काढायला पाऊण तास गेला.
कबाड्याच्या काट्यावर ओटा बासष्ट भरला.
टाकी सोडली, पाणी माझ्या कडुनिंबाला गेलं.
पलंगाखालची पेटी पुढे सरकवली, नाकाकडे,
मी बजावलं, हे नाक आता गाडीच्या पाठीवर बसेल,
त्यात तुम्ही दोघं, तुमचं सामान,
तेही धरा, गाडीलाही कंबर असते.

पुन्हा काट्यावर.
बाराशे.

डाखोळे हसले. मी नाही.
माझा काटा दहाच्या खालचं बोलत नाही.
दोन किलो कमी, की दोन किलो जास्त,
ते त्याला ठाऊक नाही, मलाही.
"काठावर निघू नका," म्हटलं, "काठावर कोणीच निघू नये."
यमुताई आत गेल्या, बराच वेळ आवाज येत राहिला.
बाहेर आल्या त्या पितळी डबे घेऊन, पाच,
मग खलबत्ता, मग त्यांची जड गादी.
ते सगळं भाच्याच्या रिक्षात.
कुरडयांचा डबा मात्र ठेवला,
न मोजता.

पावती मी साठ रुपयांचीच केली, तीन वेळा मोजूनही.
ते पचमढीकडे गेले, असं म्हणाले होते.

ओटा न्यायला कोणी आलं नाही.
केबिनमध्ये विटांवर ठेवलाय, चहाचं सामान त्यावर.
उंची माझ्यापेक्षा थोडी कमी.
कप ठेवताना मी जरा वाकते.