छायेचा रकाना

वेकफील्डच्या कौन्सिलात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम थोडक्यात असं:
शहरातली रिकामी जागा हुडकायची
आणि तिला कामाला लावायची.

नकाशावर रिकामी म्हणजे पिवळी.
नव्या ऊर्जा-धोरणाला पिवळा रंग फार आवडतो.
हेक्टरी किती वीज, विजेमागे किती अनुदान,
कोष्टक आपलं आपण जुळतं
आणि सगळ्यात वर येतो प्लॉट एकोणीस.
म्हणजे मिसेस ग्लेडहिलचे लीक, तिची हिरवी टपरी,
चाळीस जणांचे भाजीचे वाफे.
कोष्टकाच्या मते तिथे कुणी काही करत नाही.

बाबा मोजणी खात्यात होते, संगमनेरला.
खांद्यावर साखळी, खिशात लिमलेटच्या गोळ्या.
म्हणायचे, बांधावरून मोजू नये,
बांधावर दोन्हीकडची माणसं खोटं बोलतात.
मध्ये जाऊन उभं राहावं. पायांना कळतं.

म्हणून गेले.
वाफ्यांत चिखल, बुटांना तो आठवडाभर पुरला.
मग रस्ता ओलांडून, बंद पडलेल्या दुकानामागच्या कार पार्कात:
जागा दोनशे दहा गाड्यांची,
मंगळवारी भर दुपारी गाड्या एकतीस.
नकाशावर हा राखाडी. राखाडी म्हणजे 'वापरात'.

तिथला राखणदार क्लिफर्ड ओल्डरॉइड
डांबरावर टाच आपटून म्हणाला,
"खाली आजोबांची खाण आहे. बुडालेली. पाणी कोमट."
आणि मला एकदम मजले दिसले:
तळाला ऊब, मध्ये गाड्या,
वर खांबांवर तोललेलं ऊन.
एका सातबाऱ्यावर तिघांची नावं
आणि भाऊबंदकी नाही!

महाग पडेल, म्हणाले वरचे. खांबांचं पोलाद.
मी पुन्हा मांडलं.
चौदा महिने मांडत होते, तीन साहेब बदलले,
तिसऱ्यानं सही केली
बहुतेक न वाचता.

शेवटी राहिलं एक झाड.
ओल्डरॉइडच्या केबिनला टेकलेला ॲश,
दुपारी तीननंतर पस्तीस पॅनेलांवर येणारा.
अहवालात त्यासाठी रकाना आहे:
छाया, कंसात तोटा, टक्के.

आमच्याकडे बाप गेला की
छत्र हरपलं म्हणतात.
आठ वर्षांपूर्वी मला फोनवर तेच म्हणाले होते.
रकान्यात मी लिहिलं: चार पूर्णांक दोन.

झाड शनिवारी पाडलं, म्हणजे गाड्यांची अडचण नको.
सोमवारी ओल्डरॉइडनं खोडाची एक चकती
माझ्या टेबलावर आणून ठेवली.
"मोज," म्हणाला, "तुझंच काम."
अडुसष्टपर्यंत नीट मोजली वर्षं,
पुढे गाभ्याजवळ रेघा एकमेकींत शिरलेल्या.
बोट कितीदा फिरवलं.

आता तो पॅनेलांखाली उभा राहतो,
पावसातही कोरडा. तक्रार नाही.
सावली चांगली आहे, म्हणतो, सरळ आहे,
फक्त वारा आला तरी
तिला कळत नाही.

मिसेस ग्लेडहिलनं लीक पाठवलेत, मातीसकट.
नकाशावरचा तो चौकोन
मी अजून राखाडीच ठेवलाय.
दुसरा रंग यादीत नाही.