नावे द्या

प्रॅक्टिकलचा बांगडा मुबीनने आणायचा,
मिरकरवाड्याहून, पहाटे, बापाच्या टोपलीतला.
मी चित्र काढायचो :
कल्ले, पर, पार्श्वरेषा.

एकदा माशाच्या डोळ्यात
भाट्याचा पूल काढला
आणि पुलावर चेन पडलेली सायकल
ढकलत नेणारी भार्गवी.

मॅडमनी लाल पेनाने लिहिलं : नावे द्या.
दिली.
कल्ले. शेपूट. भार्गवी.

दहापैकी चार.
‘माझ्या माशाला चारच?’ मुबीन चिडला,
मग कँटीनमध्ये उधारीवर
तीन कटिंग सांगितले.

जर्नल भार्गवीने नेलं
‘पूल बघते जरा’ म्हणून.
पंधरवडा झाला.

परवा सबमिशन आहे.
मागायला हवं.
बोटं हुंगतो. साबण लावूनही
बांगडा तिथंच.
मागत नाही.