मधली रेघ

"आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा,"
ऊर्मस म्हणाला, "मगच हात लावा."
रइसाने नवऱ्याचे मासेमारीचे फोटो
पेनड्राइव्हवर उतरवले, दोनदा मोजले.

पडद्यावर एक लांब पट्टी. मधली रेघ
माउसने सरकवायची: इकडे जुनं विंडोज,
तिकडे लिनक्स.
"पुसलं नाही ना जाणार काही?"
"नाही. नुसतं सरकून बसायचं त्याने."

तिचा हात थबकला.
खिडकीखाली नार्वा नदी, पलीकडे दुसरा देश,
कीबोर्डवर दोन लिप्यांचे स्टिकर, कडा सुटलेल्या.
रेघा ओढणारे आजवर कधी
तिला विचारायला आले नव्हते.

चाळीस टक्के, म्हणाली. आणि एंटर.

आता रोज सकाळी यंत्र विचारतं, कुठे जायचं?
दहा सेकंद थांबतं.
ती सावकाश चहा ओतते,
आकडा एकावर येऊ देते.