सोडून माप

सहा-शून्य-सहा-एकचा ठोकळा,
काट्यावर नऊशे चाळीस ग्रॅम.
त्यातून तीनशे दहा ग्रॅमची बॉडी काढायची,
बाकी सगळं शकूरभाईच्या भंगाराचं.
नऱ्ह्याच्या शेडमध्ये आमचा व्हीएमसी एकच,
तोही हप्त्यावर,
आणि गुरुवारी लाईट नाही.

डिझाईन इंद्रनील टिळेकरचं. वय बावीस.
सराफ बांगडी फिरवतो तशी
लॅपटॉपवर बॉडी फिरवून दाखवायचा.
माशाच्या कल्ल्यांसारखे छेद, पाठीवर कणा,
आतल्या कोपऱ्याला सुईचं टोक.
म्हटलं, बाबा रे, कटर गोल असतो.
बाहेरून कर हवी तेवढी धार,
आतला कोपरा थोडा गोलच राहणार.
किती?
दीड मिलिमीटर.
तो असा गप्प झाला
जसा मी हुंडाच मागितला.

आणि बंदूक म्हणायचं नाही. मार्कर.
बंदूक म्हटलं की त्याचं तोंड उतरतं.
फिरोज मुद्दाम म्हणायचा.

पहिली बॉडी गेली.
वरची नळी बोल्टची, खालची हॅमरची,
मधली भिंत जेमतेम सव्वा मिलिमीटर.
मशीनवर बोअर गोल, गेज लोण्यात गेल्यासारखा.
व्हाइसमधून काढली आणि बोल्ट अडकला.
पुन्हा चढवली : गोल.
काढली : अंडं.
रात्री साडेअकरापर्यंत मी आणि फिरोज
त्या अंड्याकडे बघत बसलो.
कूलंटचा आंबट वास,
चहाच्या कागदी कपात चिप्स.

सकाळी वडील डबा घेऊन आले.
खडकीच्या अ‍ॅम्युनिशनमध्ये चौतीस वर्षं,
गेजिंग सेक्शन.
ते थाऊत बोलतात, मी मायक्रॉनमध्ये,
घरातली निम्मी भांडणं तिथूनच.
बॉडी उचलली, करंगळी आत घातली,
डोळे मिटून फिरवली.
"तीन थाऊ," म्हणाले. "आवळून मापलंस.
आवळल्यावर काय, सगळंच गोल दिसतं.
सोडून माप."

मग म्हणाले, याने काय मारतात?
रंग.
कुणाला?
एकमेकांना.
पैसे भरून?
हो.
त्यांनी डब्याची कडी काढली,
लावली,
पुन्हा काढली.

दुसऱ्या बॉडीला मऊ जबडे केले.
रफिंग झाल्यावर रात्रभर टेबलावर मोकळी ठेवली,
धातूला काय वाकायचं ते वाकू दे म्हणून.
शेवटचा कट इतका हलका
की चिप नव्हे, जरीचा धागा निघाला.
भोसरीला अ‍ॅनोडायझिंग, रंग पिकल्या जांभळाचा.
थर चढल्यावर भोक बारीक होतं,
तेवढे मायक्रॉन आधीच सोडले होते.
बोल्ट स्वतःच्या वजनानं खाली उतरला,
टक्.
त्या एवढ्याशा आवाजासाठी सतरा दिवस.

रविवारी डोणज्याच्या मैदानावर वडील आमच्याबरोबर आले.
बोलावलं नव्हतं. पायात पॉलिश केलेले बूट.
आडव्या पिंपांमागून पोरं धावत होती,
जाळीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत हे,
हजेरी घेतल्यासारखे ताठ.
चौतीस वर्षांत लाखो नग त्यांच्या बोटांखालून गेले,
पास, पास, रिजेक्ट, पास.
पेटी बंद, सील, ट्रक.
पुढचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं,
आणि घरी आम्ही कधी विचारलं नव्हतं.

इंद्रनीलनं नेम धरला.
समोरच्याच्या छातीवर भगवा डाग फुटला,
तो पोरगा गुडघ्यावर आला, आडवा झाला.
वडील उभे राहिले.
खुर्ची मागे पडली.
मग तो पोरगा एक सणसणीत शिवी हासडून
उठला, हात वर करून हसत बाहेर आला,
पाण्याची बाटली मागू लागला.

वडील बराच वेळ उभेच.
मी खुर्ची सरळ केली.

परत येताना वडगावच्या पुलाखाली ट्रॅफिक.
गाडीत कोणी बोलेना.
बॉडी त्यांच्या मांडीवर, रुमालात.
करंगळी आत.
"पोराला सांग," म्हणाले,
"आजच्या आज पुसून ठेव म्हणावं.
वाळलेला रंग थाऊभर तरी धरतो."