डावरी गाठ

फौजदार म्हणाले, वर आण.
मी आधी हातानं बघितलं.
पंचगंगेत डोळ्यांचा उपयोग नसतो,
कारखान्याची मळी सुटल्यापासून तर नाहीच;
भर दुपारी खाली काकवीसारखा काळोख.

बोटांना केंदाळाची मुळं लागली,
मग शर्टाची गुंडी,
मग मनगटावरचं घड्याळ. जाडजूड, कड्याचं.
असं घड्याळ आमच्याकडं एकाचंच.
जोतिराम वरुटे.
वाळूचा ठेका, दोन बोटी, तीन डंपर,
आमच्या सतरा घरांना
नावानं ओळखणारा, उधारीसकट.

कमरेला नायलॉनची दोरी.
दोरीच्या टोकाला दगड, चौकोनी, खरबरीत.
आणि मधे गाठ.

दम संपत आला होता, तरी मी ती दोनदा चाचपली.
जाळ्याची गाठ सगळे आंबी उजवीकडून घालतात.
ही डावीकडून आलेली,
पोटात एक वेढा जास्तीचा.
ओढावं तेवढी आवळते,
पण कुठं दाबायचं ते ठाऊक असलं
तर फुलासारखी सुटते.

ही गाठ हिराक्काची. माझी सासू.
तिनं तीनच माणसांना शिकवली.
मला आली नाही, माझा हात उजवा.
मारुतीला आली. तिचा थोरला.
तो वरुट्याच्या बोटीवर सक्शनचा पाइप धरायचा,
दोन वर्षांमागं त्यालाही मीच वर काढला.
पंचनाम्यात लिहिलं होतं, पाय घसरून.
खाली सही माझी.
बोटीवर त्या रात्री कोण कोण होतं
ते कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

पाण्याखाली फार विचार करता येत नाही.
मी दाबलं, आणि गाठ सुटली.
दगड गाळात गेला,
दोरी मी चड्डीत खोवली
आणि जोतिराम वरुटेला घेऊन वर आलो.

घाटावर सगळा गाव.
कोण रं? कोण हाय? कोण बुडालं?
फौजदारांनी वहीवर पेन टेकवलं.
मी म्हणालो, काय लिवायचं साहेब,
पायरीला शेवाळ हाय. पाय घसरून.
पेन जरा थांबलं.
मग चाललं.

दिवेलागणीला अक्काकडं गेलो.
दोरी तिच्या मांडीवर ठेवली.
तिनं उजव्या हातानं ती डोळ्यांशी नेली,
दोरीला पडलेले पीळ बघत राहिली.
डावा हात तसाच पडलेला, पदराखाली,
श्रावणातल्या झटक्यापासून मेलेला.
मीच तिला रिक्षात घालून सीपीआरला नेलं होतं.
पाण्याखाली हे मला आठवलंच नव्हतं.

"ह्यो हात घास उचलंना, जावयबापू," ती म्हणाली.
"गाठ कुठली?"
मग थोड्या वेळानं, हळूच,
"पर नीट घातली हुती म्हंतोस?"

चुलीत दोरी जळताना
प्लास्टिकचा वास आला, बाकी काही नाही.

घरी आलो.
सुलीनं पाणी दिलं, ताट वाढलं.
भाकरी, वांगं, खर्डा.
डाव्या हातानं वाढू नये म्हणून
तिची आई तिला लहानपणी चटके द्यायची.
आज डाव्या हातानं वाढत होती.

सतरा घरांतल्या सोळांनी मला विचारलं होतं
कोण बुडालं.
ती विचारीना.

खर्डा गुळगुळीत लागला.
"मिक्सरात केलास?"
"पाटा टाकीला दिलाय."

मी परसाकडं बघितलं.
नळाजवळ पाट्याएवढी ओली जागा,
गांडुळं अजून उघडी.
टाकारीण सोमवारीच येऊन गेली होती;
दीडशे रुपये मी दिले होते,
आणि नव्या टाकीवरून हात फिरवून म्हणालो होतो,
चांगला खरबरीत झालाय.

बोटांची टोकं ताटाच्या कडेवर थांबली.
"आनि एक भाकरी घ्या," ती म्हणाली.

मी घेतली.