रात्रपाळीत ऐकलेले

उद्यमनगरात, लेथपाशी उभ्यानं,
या आठवड्यात दोन नवे अल्बम ऐकले.

पहिला लोकगीतांचा.
मुखपृष्ठावर घोंगडं, आत एसीतला धनगर.
ओवी सुरेल आहे, नाही म्हणत नाही,
पण ढोल असा धुऊन इस्त्री केलेला
की भंडारा उडणार कुठून?
आमचा दगडू आवळे हलगीला हात घालण्याआधी
कागद पेटवून कातडं शेकतो,
टिचकी मारतो, तोंड वाकडं करतो,
पुन्हा शेकतो.
मला ती टिचकी ऐकायची होती.
चौथ्या गाण्यात मात्र म्हातारी गायिका
दम खायला थांबते,
आणि तो दम कापायचं कुणीतरी विसरलंय.
तेवढ्यात पैसे वसूल.

दुसरा रॉकचा, फाउंड्रीतल्या पोरांचा.
निम्मे शब्द कळत नाहीत,
उरलेलेही कळले नसते तर बरं.
गिटार उगाच चिडलेली,
पोटभर जेवून भांडायला उठलेल्या पाव्हण्यासारखी.
पण ड्रमवर अल्ताफ शिकलगार आहे,
दिवसा साचे ठोकतो.
शेवटच्या गाण्यात तो मधेच असा थांबतो
की माझा हात हलला,
जॉब अर्धा सूत जादा कापला गेला.
मुकादमाला काय सांगू?
गाणं चांगलं होतं म्हणून?

पहाटे गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
तोच भेटला.
म्हटलं, भावा, ते तुझं थांबणं म्हणजे नाद खुळा.
तो लाजला. म्हणाला,
"काठी तुटली हुती ओ."

मी मिशीवरचा फेस पुसला.
मत बदललेलं नाही.